कणगिनहाळचे सिद्धनगौडा पाटील

हुबळी-धारवाडच्या पूर्वेस, गदगजवळ कणगिनहाळ हे लहानसे गाव आहे. ८ मे १९०५ रोजी तेथे शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था नोंदली गेली. आशियातील अशा प्रकारची ती पहिली संस्था, असे कर्नाटकात अभिमानाने सांगितले जाते. पहिलेपणाचा हा मान मद्रास इलाख्यातील काही गावेही मागतात; तो वाद बाजूला ठेवला तरी सिद्धनगौडा सण्णरामनगौडा पाटील यांच्या कार्याचे मोल उणावत नाही.

त्यांचा जन्म १८४३ चा. गाव त्या वेळी मुंबई इलाख्यातील धारवाड जिल्ह्यात होते. मुलूख काळ्या मातीचा, कापसाचा. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव अस्मानाला भिडले आणि युद्ध संपताच कोसळले. तेजीत काढलेले कर्ज मात्र अंगावर राहिले. सिद्धनगौडा तेव्हा ऐन विशीत होते. पुढे १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने धारवाड जिल्हा होरपळून निघाला. रेल्वे आली, गदगकडचा कापूस गोव्यातील मुरगाव बंदरापर्यंत जाऊ लागला; पण बाजार जवळ आला म्हणून सावकार दूर गेला नाही.

सरकारी मदत नव्हती असे नाही. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी विहिरी-बांधांसाठी, तसेच बी-बियाणे व बैलांसाठी तगाई मिळू लागली. परंतु तगाई म्हणजे अर्ज, चौकशी, तारण आणि कचेरीच्या खेपा. पेरणी कोणासाठी थांबत नाही. सावकार मात्र त्याच दिवशी रोख देई, म्हणून महाग असूनही तोच जवळचा वाटे.

१९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. जर्मनीतील ग्रामीण पतपेढ्यांचा आदर्श त्यामागे होता. त्यातील कळीची अट ग्रामीण संस्थांच्या अमर्याद जबाबदारीची. एका सभासदाने कर्ज बुडवले तर झळ उरलेल्या सर्वांच्या घरादारापर्यंत पोहोचू शकत असे. दुष्काळ पाहिलेल्या गावाने असा करार करणे साधी गोष्ट नव्हती. जमीनजुमला असलेल्या माणसाला तर तो अधिकच जोखमीचा, कारण वसुलीची वेळ आलीच तर ज्याच्याकडे काही आहे त्याच्याकडेच प्रथम बोट जाणार. सिद्धनगौडा साठी ओलांडलेले होते. या वयात माणसे बहुधा असलेले सांभाळतात. त्यांनी संस्थेचे नेतृत्व पत्करले.

आरंभीचे भांडवल दोन हजार रुपये होते. गावाने जमवलेल्या रकमेइतके, परंतु दोन हजारांच्या आत, कर्ज सरकार अशा संस्थांना देई आणि पहिली तीन वर्षे त्यावर व्याज घेत नसे. आजच्या भाषेत हे अनुदानच. फरक इतकाच की येथे आधी गावाने आपली पुंजी पुढे करायची होती, आणि कर्ज कोणाला द्यायचे हे त्या माणसाला ओळखणारे शेजारी ठरवत. आज कर्नाटकात बिनव्याजी पीककर्ज प्राथमिक सहकारी संस्थांमार्फतच दिले जाते आणि व्याजाचा भार सरकार उचलते.

सिद्धनगौडा यांचे निधन १९३३ मध्ये झाले. १९९७ मध्ये धारवाडचे विभाजन होऊन गदग स्वतंत्र जिल्हा झाला, आणि कणगिनहाळ त्या जिल्ह्यात गेले.