कै. वासुदेवशास्त्री खरे

जमिनीच्या पोटांतून जुनीं नाणीं, भांडीं व शिलालेख शोधून काढणें यास पुराणवस्तुसंशोधन म्हणतात. परंतु जुनें सारेंच जमिनींत पुरलेलें नसतें. कांहीं दप्तराच्या रुमालांतही बांधलेलें असतें. तें उकलण्यांत ज्यांनीं आयुष्य वेंचिलें, त्या मिरजेच्या एका शिक्षकाची ही हकीकत आहे.

वासुदेव वामन खरे यांचा जन्म १८५८ सालीं कोंकणांत गुहागर येथें झाला. पुढें साताऱ्यास अनंताचार्य गजेंद्रगडकर यांजपाशीं त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें. कांहीं काळ पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलांत शिकविल्यावर ते मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृतचे शिक्षक झाले.

मिरज, सांगली, तासगांव हा पटवर्धन सरदारांचा मुलूख. हे सरदार पेशव्यांच्या मोहिमांवर जात व छावणींतून घरीं पत्रें धाडीत. त्या पत्रांचीं दप्तरें शास्त्रीबोवांनीं हातीं घेतलीं. वाळवी व पाऊस यांपुढें असले कागद किती दिवस टिकणार? ते नष्ट होते, तर पानिपतानंतरच्या कितीएक घडामोडींची साक्षच बुडाली असती.

काम सोपें नव्हतें. पत्रें मोडी लिपींत. त्यांवर चंद्र व महिना असे, पण साल बहुधा नसे. मजकुरांतील माणसें, मुक्काम व लढाया ताडून तें ठरवावें लागे. एक साल चुकलें कीं पुढची सारी संगति बिघडे. शाळेचें काम संभाळून शास्त्रीबोवांनीं ही मेहनत वर्षानुवर्षें केली. १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नांवानें तीं पत्रें कालानुक्रमानें व प्रसंगांच्या हकीकतीसह प्रसिद्ध होऊं लागलीं. शिवाय त्यांनीं नाना फडणविसांचें चरित्र व कांहीं नाटकेंही लिहिलीं. १९२४ सालीं ते निवर्तले. संग्रहाचे पुढील भाग त्यांच्या चिरंजीवांनीं काढले.

त्याच काळीं साताऱ्यास रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनीस हे जुने कागद व चित्रें जमवीत होते. त्यांचा संग्रह १९३९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत गेला. त्याच कॉलेजांत आज पुराणवस्तुसंशोधनाचें उच्च शिक्षण मिळतें.

विद्यार्थीमित्रहो, ज्यांस हा व्यवसाय पत्करावयाचा असेल त्यांनीं कुदळ हातीं घेण्यापूर्वीं शास्त्रीबोवांची चिकाटी व सत्याची चाड अंगीं बाणवावी. आणि पालकांस एवढीच विनंती कीं, घरांतील जुनें मोडी कागद रद्दींत घालण्यापूर्वीं ते एकदां जाणत्यास दाखवावे. एकदां गेलेला कागद पुन्हां लिहितां येत नाहीं.