डॉ. जोसेफ गोल्डबर्गर

जोसेफ गोल्डबर्गर यांचा जन्म इ. स. १८७४ मध्ये, त्या वेळच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातील एका लहानशा गावी, ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आता स्लोव्हाकिया देशात मोडते. जोसेफ लहान असतानाच त्याच्या आईबापांनी अमेरिकेची वाट धरली आणि न्यूयॉर्क शहराच्या एका गरीब वस्तीत वाणसामानाचे दुकान थाटले. मुलाने इंजिनियर व्हावे म्हणून त्यास कॉलेजात घातले. परंतु एकदा मित्राबरोबर तो वैद्यकावरील व्याख्यानास गेला आणि त्याच्या मनाने वेगळीच ओढ घेतली. १८९५ मध्ये तो डॉक्टर झाला व १८९९ मध्ये सरकारी आरोग्यखात्यात शिरला. साथीच्या रोगांशी झुंजण्याचेच ते काम. त्या कामात गोल्डबर्गर यांना पीतज्वर, डेंग्यू व टायफस हे तिन्ही रोग जडले. तिन्हींतून ते वाचले.

१९१४ मध्ये सरकारने त्यांना अमेरिकेच्या दक्षिण भागात पाठविले. तेथे पेलाग्रा नावाच्या रोगाने हाहाकार उडविला होता. ज्या अंगावर ऊन पडते तेथील कातडी प्रथम लाल होई, मग काळवंडून खरखरीत होई. पुढे जुलाब लागत, बुद्धी भ्रमिष्ट होई आणि शेवटी कित्येकांना मृत्यू गाठी. हा रोग जंतूंमुळे होतो व एकापासून दुसऱ्यास लागतो, असे बहुतेक डॉक्टर मानीत. म्हणून रोग्यास लोक घरात घेईनात, शाळेत बसवून घेईनात.

गोल्डबर्गर यांनी वेड्यांची इस्पितळे, तुरुंग व अनाथालये फिरून पाहिली. एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आतील रोगी पेलाग्राने खंगत होते. पण त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका व नोकर मात्र धडधाकट होते. जंतू असा निवड करून माणसे गाठीत नाही. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन गावी एका अनाथालयात तर सहा ते बारा वर्षांच्या मुलांनाच हा रोग अधिक होता. त्यांहून लहानांना दूध मिळे; मोठी मुले कामास जात, म्हणून त्यांना मांस मिळे. मधल्या मुलांच्या ताटात मक्याचे पीठ, काकवी आणि थोडीशी चरबी, एवढेच काय ते पडे. गोल्डबर्गर यांनी सरकारी खर्चाने तेथील सर्व मुलांना दूध, अंडी, मांस व कडधान्ये सुरू केली. औषध म्हणून काहीच दिले नाही. रोग ओसरला.

आहाराच्या उणिवेने हा रोग उत्पन्नही करता येतो का, हे आता पाहावयाचे होते. १९१५ मध्ये तेथील तुरुंगाच्या शेतावर त्यांनी बंदिवानांस मका, तांदूळ, मैदा, रताळी व साखर अशा आहारावर ठेविले. शिक्षा माफ होईल, या राज्यपालांच्या आश्वासनामुळे ते बंदिवान तयार झाले होते. असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. काही महिन्यांत अकरांपैकी सहा जणांच्या अंगावर पेलाग्राची लक्षणे उमटली.

तरीही विरोधकांचे समाधान होईना. तेव्हा १९१६ मध्ये गोल्डबर्गर यांनी स्वतःचाच देह पणास लावला. त्यांनी व त्यांचे सहकारी डॉ. व्हीलर यांनी पेलाग्राच्या रोग्याचे रक्त एकमेकांस टोचले. रोग्यांच्या खपल्या व मलमूत्र पिठात कालवून त्यांनी त्या गोळ्या गिळल्या. पत्नी मेरी यांनीही हट्ट धरला. त्यांना गोळ्या देण्यास पुरुषांनी नकार दिला, पण रक्त मात्र टोचावे लागले. एकूण सोळा जणांवर अशी परीक्षा झाली. पेलाग्रा एकासही झाला नाही.

पुढे दक्षिण कॅरोलायना राज्यातील कापडगिरण्यांच्या वस्त्यांत त्यांनी घरोघर मिळकत व स्वयंपाक यांची चौकशी केली. जितकी मिळकत कमी तितका रोग अधिक, असे स्पष्ट दिसले. जमीनदार सगळ्या रानात कापूसच लावीत. भाजीपाला व गाई यांना जागाच उरत नसे. हे सत्य दक्षिणेतील पुढाऱ्यांना झोंबले. १९२१ मध्ये सरकारी मदतीची गोष्ट निघाली, तेव्हा आमच्या प्रांताची अपकीर्ती होते म्हणून त्यांनी ती धुडकावली. रोगापेक्षा रोगाची वार्ता त्यांना अधिक लागली!

गोल्डबर्गर खचले नाहीत. कुत्र्यांना होणारा काळ्या जिभेचा रोग पेलाग्रासारखाच आहे, हे ओळखून त्यांनी कुत्र्यांवर निरनिराळी अन्ने अजमाविली. वाळविलेले यीस्ट स्वस्त असूनही गुणकारी ठरले. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीस महापूर येऊन लोक अन्नास मोताद झाले, तेव्हा तेच यीस्ट वाटण्यात आले. १७ जानेवारी १९२९ रोजी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, गोल्डबर्गर यांना कर्करोगाने मृत्यू आला. यीस्टमधील कोणता पदार्थ रोग हटवितो, हे त्यांना अखेरपर्यंत उमगले नाही.

१९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी तो पदार्थ ओळखला. तो निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नियासिन हे जीवनसत्त्व. खाल्लेल्या अन्नापासून शक्ती मोकळी करण्यास शरीराच्या प्रत्येक पेशीस ते लागते. ज्या पेशी सतत नव्या होतात अशा कातडीच्या व आतड्याच्या पेशींना, तसेच मेंदूला त्याची उणीव लवकर जाणवते. मक्यात नियासिन असते. परंतु ते अशा रीतीने जखडलेले असते की शरीरास घेता येत नाही. दूध व मांस यांतील प्रथिनांपासून शरीर ते थोडेफार स्वतःच तयार करते. म्हणून ती मुले बचावली होती. ज्या मेक्सिकोत गोल्डबर्गर यांना टायफस झाला होता, तेथील गोरगरीब पिढ्यान्‌पिढ्या मक्यावरच जगत आले आहेत. पण तेथील बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात, आणि त्या चुन्याने जखडलेले नियासिन सुटे होते. मका युरोपात गेला, अमेरिकेच्या दक्षिणेत घरोघर रुजला. चुन्याची रीत मात्र त्याच्याबरोबर गेली नाही.