विश्लेषण : पॅप चाचणीच्या बिलामागचे डॉ. पापानिकोलाउ कोण होते?

अमेरिकेत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पॅप चाचणी केली, की प्रयोगशाळेच्या बिलावर ८८१४२ किंवा ८८१६४ असा पाच आकडी कोड येतो. या चाचणीला ज्यांचे नाव आहे, त्या डॉ. जॉर्ज पापानिकोलाउ यांना मात्र ती स्वीकारली जावी म्हणून अनेक वर्षे वाट पाहावी लागली.

सुरुवात कशी झाली?

१८८३ मध्ये ग्रीसमधील किमी येथे जन्मलेले पापानिकोलाउ अथेन्समध्ये डॉक्टर झाले. १९१३ मध्ये ते पत्नी मेरीसह न्यूयॉर्कला आले. पोटासाठी त्यांनी गालिचे विकले, मेरी यांनी शिवणकाम केले. पुढे कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात गिनी पिगवर संशोधन करताना योनिस्रावातील पेशी ठरावीक काळाने बदलतात, हे त्यांना दिसले. स्त्रियांमधील बदल अभ्यासण्यासाठी मेरी वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने देत राहिल्या.

शोध दुर्लक्षित का राहिला?

रुग्णांच्या नमुन्यांत त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखता आल्या. १९२८ मध्ये त्यांनी हे मांडले. पण ऊतीचा तुकडा न काढता, नुसत्या सुट्या पेशींवरून निदान होईल, यावर फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. अखेर स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबत १९४१ मध्ये शोधनिबंध आणि १९४३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यानंतर चाचणीचा प्रसार झाला. लक्षणे दिसण्याआधीच धोक्याच्या पेशी सापडू लागल्या आणि उपचारांना वेळ मिळू लागला.

कोडमध्ये काय दडले आहे?

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने वैद्यकीय सेवांची ‘सीपीटी’ यादी १९६६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. आजच्या यादीत नमुना द्रवात घेऊन यंत्राने त्याचा पातळ थर केला आणि तंत्रज्ञाने तपासला, तर ८८१४२ लागतो. नमुना थेट काचपट्टीवर पसरून तंत्रज्ञाने तपासला, तर ८८१६४. संशयास्पद पेशी डॉक्टरांनी स्वतः पाहून अभिप्राय दिला, तर ८८१४१ वेगळा जोडला जातो. कोड चुकला, तर विमा कंपनी पैसे नाकारू शकते.

पापानिकोलाउ यांनी ही यादी पाहिली नाही. १९ फेब्रुवारी १९६२ रोजी मायामीत त्यांचे निधन झाले. नोबेल त्यांना मिळाले नाही. चाचणीच्या नावातील ‘पॅप’ ही दोन अक्षरे मात्र त्यांच्याच आडनावाची आहेत.