रेबीजशी झुंज देणारे लुई पाश्चर

दुधाच्या पिशवीवरचा ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द आपण रोज सकाळी पाहतो. तो ज्यांच्या नावावरून आला ते लुई पाश्चर २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल या गावी जन्मले. वडील नेपोलियनच्या सैन्यातले. पुढे चामडी कमावण्याचा धंदा करीत. कुटुंब नंतर आर्ब्वा गावी स्थायिक झाले. लुई आठ वर्षांचे असताना, १८३१ साली, एक पिसाळलेला लांडगा त्या परिसरात अनेकांना चावला. त्या काळी उपाय एकच : लोहाराकडे जायचे आणि तापलेल्या लोखंडाने जखम डागून घ्यायची. तरीही कित्येक जण दगावले.

पाश्चर रसायनशास्त्रज्ञ झाले. मद्य का आंबते, रेशमाचे किडे का मरतात, याचा शोध त्यांनी घेतला. त्यांच्या पाच मुलांपैकी तीन मुली लहानपणीच गेल्या, त्यातल्या दोघी विषमज्वराने. १८६८ साली, वयाच्या ४५व्या वर्षी, पक्षाघाताने त्यांची डावी बाजू लुळी पडली. एवढ्यावर कोणी अंथरूण धरले असते तरी त्याला दोष देता आला नसता. पाश्चर यांनी मात्र पुढची पंधरा-वीस वर्षे जे काम केले, त्यासाठीच जग त्यांना अधिक ओळखते.

१८८०च्या सुमारास ते रेबीजकडे वळले. हा रोग पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून जखमेत शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. रोगजंतू सूक्ष्मदर्शकात दिसेना. दिसणार तरी कसा? तो विषाणू होता, आणि त्याचे रूप पाहायला पुढच्या शतकातले इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावे लागले. पण तो मज्जासंस्थेत वास करतो हे पाश्चर आणि त्यांचे सहकारी एमिल रू यांनी ओळखले. रोगी सशाच्या पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू काढून ते कोरड्या हवेच्या बाटलीत टांगून ठेवीत. जितके दिवस तो वाळे, तितका त्यातला रोग दुबळा होई. शिवाय चावा आणि आजार यांच्यामध्ये सहसा काही आठवडे, कधी महिनेही जातात. ही सवड पाश्चर यांनी हेरली. विषाणू मेंदूत पोहोचण्याआधी लसीने शरीराला तयार करता येईल का?

६ जुलै १८८५ रोजी आल्सास प्रांतातून एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला, जोझेफ मायस्टरला, घेऊन पॅरिसला आली. दोन दिवसांपूर्वी कुत्र्याने त्याचे अनेक लचके तोडले होते. पाश्चर डॉक्टर नव्हते. सुई टोचण्याचा अधिकार त्यांना नव्हता. डॉ. ग्रांशे यांनी ती टोचली. सर्वांत दुबळ्या लसीपासून सुरुवात करून दहा-अकरा दिवसांत १३ वेळा, दर खेपेला अधिक जहाल. त्या रात्री पाश्चर यांना झोप लागत नसे. मुलगा वाचला. पुढे त्यांच्या प्रयोगवह्या अभ्यासकांना खुल्या झाल्या, तेव्हा याच पद्धतीची कुत्र्यांवरील चाचणी पूर्ण झालेली नव्हती असे आढळले. हे आपण लपवू नये. समोर बहुधा मरणाच्या दारात असलेले लेकरू होते, हेही विसरू नये.

त्याच वर्षी नोव्हेंबरात लुईज पेलतिये ही दहा वर्षांची मुलगी आली. चावा डोक्याला, आणि मध्ये ३७ दिवस गेलेले. उशीर झाला हे पाश्चर जाणून होते, तरी नकार देणे त्यांना जमले नाही. ३ डिसेंबरला ती गेली.

लुईजची गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. लक्षणे दिसण्यापूर्वी माणसाला लागण झाली की नाही हे सांगणारी चाचणी आजही नाही. लक्षणे दिसू लागली, पाण्याची भीती वाटू लागली, की लाळ वा मानेवरच्या त्वचेचा नमुना तपासून निदान होते. पण तेव्हा रोगी वाचणे जवळपास अशक्य असते. मेलेल्या जनावराच्या मेंदूची तपासणी होते, पण तिच्यासाठी थांबायचे नसते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, मिरची, चुना, हळद काही लावू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. लसीचे सर्व डोस पुरे करावेत. ज्येष्ठांना पोटात टोचायची ती चौदा इंजेक्शने आठवत असतील. मेंढीच्या मेंदूपासून होणाऱ्या त्या लसीचे उत्पादन भारतात २००४च्या अखेरीस थांबले. आता लस दंडात टोचतात.

लोकांच्या देणग्यांतून उभारलेली पाश्चर संस्था पॅरिसमध्ये १८८८ साली सुरू झाली. तिथेच काम केलेले हाफकिन पुढे भारतात आले. मुंबईच्या परळमधील हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

२८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर यांचे निधन झाले. नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये त्यांचा अंत्यविधी झाला. हा दिवस जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. त्यांचे शव संस्थेच्या तळघरातील कबरीत ठेवले आहे. जोझेफ मायस्टर मोठा झाल्यावर त्याच संस्थेचा द्वारपाल झाला.