वादळांचा अभ्यासक पिडिंग्टन

चक्रीवादळास इंग्रजीत ‘सायक्लोन’ म्हणतात. हे नाव कलकत्त्यात राहणाऱ्या एका जुन्या दर्यावर्दीने दिले. त्याचे नाव हेन्री पिडिंग्टन.

पिडिंग्टनचा जन्म १७९७ साली इंग्लंडमध्ये झाला. व्यापारी जहाजांवर नोकरी केल्यावर तो कलकत्त्यास स्थायिक झाला. त्या काळी वादळात सापडून कित्येक जहाजे बुडत. १८३८ साली विल्यम रीड याचा वादळांच्या नियमांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो वाचून पिडिंग्टनने या अभ्यासास वाहून घेतले. वादळातून वाचलेल्या जहाजांच्या नोंदवह्या तो मिळवी आणि कोणत्या वेळी, कोठे, कोणत्या दिशेचा वारा होता, हे नकाशावर मांडी.

१८४५ साली मॉरिशसजवळ ‘चार्ल्स हेडल’ नावाचे जहाज वादळात सापडले. ते कित्येक दिवस वाऱ्याबरोबर धावत होते. परंतु त्या मानाने फारच थोडे पुढे सरकले. पिडिंग्टनने त्याचा मार्ग रेखाटला, तेव्हा नकाशावर वेटोळ्यामागून वेटोळी उमटली. वारा मध्याभोवती गोल फिरतो, याचा हा ढळढळीत पुरावाच होता! १८४८ साली त्याने खलाशांसाठी ग्रंथ लिहिला. सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याने ‘सायक्लोन’ हे नाव त्यातच योजले. वादळाचा मध्य कोणीकडे आहे हे ओळखून जहाज दूर कसे न्यावे, हे खलाशांना त्यामुळे समजू लागले.

पुढे सरकारने मातला नदीवर नवे बंदर बांधण्याचे ठरविले. वादळाबरोबर समुद्राची प्रचंड लाट येऊन ते बुडेल, असा इशारा पिडिंग्टनने १८५३ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना पत्र लिहून दिला. त्याचे कोणी ऐकले नाही. १८५८ साली तो वारला. बंदर बांधले गेले, त्यास ‘कॅनिंग’ हे नावही मिळाले. आणि १८६७ च्या नोव्हेंबरात वादळाने त्याचा विध्वंस केला.

नोंदी ठेवण्याचे हे काम १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याने पुढे चालविले. १८९१ पासूनच्या वादळांचे मार्ग आज आपल्यापुढे आहेत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत बंगालच्या उपसागरात उठणारी, देशात दूरवर पाऊस नेणारी लहान वादळे गेल्या काही दशकांत पूर्वीपेक्षा बरीच कमी झाली आहेत, हे त्यांवरूनच कळले. माणसाच्या आठवणीला एवढा दीर्घ काळ पेलत नाही. तेथे पिढ्यान्‌पिढ्या चिकाटीने लिहिलेल्या नोंदीच उपयोगी पडतात.