विल्यम कॅरी : सेरामपूरचा छापखाना आणि तरुण पिढीशी दुरावा

इंग्लंडमध्ये जोडे शिवण्याचे काम केलेले विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालमध्ये आले. कृष्ण पाल या सुताराने पहिला बाप्तिस्मा घेईपर्यंत सात वर्षे लोटली. डेन्मार्कच्या अखत्यारीतील सेरामपूर येथे मार्शमन व मुद्रक वॉर्ड यांच्यासह त्यांनी १८०० मध्ये छापखाना उभारला. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने सिद्ध झालेले त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये, तर मोडी लिपीतील मराठी शब्दकोश १८१० मध्ये याच परिश्रमांतून प्रसिद्ध झाला.

११ मार्च १८१२ रोजी छापखान्यास आग लागली. अनेक वर्षांची हस्तलिखिते जळाली, खिळे वितळले. परंतु अक्षरांचे पोलादी ठसे वाचले आणि वितळलेल्या धातूतूनच नवे खिळे ओतले गेले.

पुढील आघात अधिक खोल होता. नव्याने आलेल्या तरुण मिशनऱ्यांना ज्येष्ठांचा एकछत्री कारभार रुचला नाही. ते कोलकात्यास वेगळे झाले आणि १८२७ मध्ये सेरामपूरचे इंग्लंडमधील मूळ संस्थेशी असलेले नातेही तुटले. मंडळीचे भवितव्य एतद्देशीय उपदेशकांच्या हाती आहे, हे मात्र कॅरींनी वेळीच ओळखले होते. १८१८ मध्ये स्थापन झालेले सेरामपूर कॉलेज मुख्यतः त्यासाठीच होते. तेथे अन्यधर्मीयांनाही प्रवेश होता.

९ जून १८३४ रोजी सेरामपूर येथेच कॅरी यांचे निधन झाले.