चाळीसगावचे केकी मूस आणि आपला फ्लॅश

हॉस्टेलवर कोणी कॅमेरा घेतला की महिन्याभरात वेगळा फ्लॅश घ्यायची चर्चा सुरू होते आणि सगळी गाडी गाइड नंबरवर येऊन अडते. अशा वेळी मला आपल्या चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस आठवतात.

२ ऑक्टोबर १९१२ ला मुंबईत पारशी घरात जन्म, विल्सन कॉलेज, मग इंग्लंडमध्ये कलेचं शिक्षण. एवढं शिकून आलेला हा माणूस चाळीसगाव स्टेशनजवळच्या बंगल्यात जवळपास ५० वर्षं स्वतःला कोंडून राहिला. बाहेर जाणंच नाही, मग फोटो कशाचे? तर घरातल्याच वस्तू टेबलावर मांडून ते अख्खा देखावा उभा करायचे. याच टेबलटॉप फोटोग्राफीने त्यांचं नाव झालं.

आता यातलं फिजिक्स बघा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. टेबलावर दिवा हातभर अंतरावर, म्हणजे ताकद थोडी असली तरी भागतं. पण उजेड बाजूने येतो की मागून, यावर सगळा खेळ. समोरून मारला की देखावा चपटा! म्हणून फ्लॅश घेताना त्याचं डोकं वळतं का आणि पॉवर हाताने कमी करता येते का, ते आधी बघा. नंबर नंतर. (हे माझं मत, सीनियर रागावतील.)

मूस एका मुलीची वाट बघत पंजाब मेलच्या वेळी बंगल्याचं दार उघडं ठेवायचे, असं सांगतात. ३१ डिसेंबर १९८९ ला ते गेले. त्या बंगल्यात आता त्यांच्या कलेचं संग्रहालय आहे. जळगावहून आणि धुळ्याहूनही चाळीसगावला रेल्वे जाते.